सरासरीत न दिसलेला थकवा : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

गेल्या दिवाळीपासून मला जो थकवा जाणवतो आहे, त्याचे कारण शोधणे आणि आहार व पूरक गोळ्यांच्या साहाय्याने तो कितपत कमी होतो हे मोजणे, एवढाच या नोंदींचा हेतू आहे. वय त्रेचाळीस, वजन ५८ किलो, जन्मापासून शाकाहारी, अंडीही नाहीत. वास्तव्य नाशिकला, व्यवसाय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्याचा.

थकवा हा शब्द फार सैल आहे, म्हणून लक्षणे स्पष्ट लिहून ठेवते. रात्री सात तास झोप होऊनही सकाळी अंग जड असते. दुपारच्या तासिकेला फळ्यावर हात उंच धरून लिहिणे नकोसे होते. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबावे लागते आणि संध्याकाळी वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. ताप, रात्री घाम येणे, वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही नाही. यांतले एखादे लक्षण असते तर नोंदी ठेवत बसण्याऐवजी मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले असते. मार्चमध्ये रक्ताची साधी तपासणी झाली होती आणि ‘सगळे नॉर्मल आहे, विश्रांती घ्या’ असा सल्ला मिळाला होता. विश्रांती घेऊन झाली.

मोजमापाची दोन साधने ठरवली आहेत. पहिले, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली थकव्याच्या तीव्रतेची प्रश्नावली. तिच्यात नऊ विधाने आहेत, प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. सरासरी ४ किंवा त्याहून जास्त आली तर थकवा दखल घेण्याजोगा मानतात. माझी आजची सरासरी ५.४ आहे. दुसरे साधन माझे स्वतःचे आहे: रोज दुपारी चार वाजता, चहाच्या आधी, थकव्याचा शून्य (अजिबात नाही) ते दहा (सर्वांत जास्त) यांपैकी एक आकडा वहीत लिहायचा. मागचे आकडे झाकून ठेवायचे, म्हणजे काल लिहिलेल्या आकड्याचा आजच्यावर प्रभाव पडणार नाही.

१४ जून २०२४

मार्चचा अहवाल पुन्हा काढून वाचला. हिमोग्लोबिन १२.३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीला १२ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय म्हणतात, त्यामुळे मी रेषेच्या वर आहे. घरातल्या जुन्या फायलीत २०१६ चा अहवाल सापडला, त्यात माझे हिमोग्लोबिन १३.६ होते. लोकसंख्येच्या मर्यादेत बसणे आणि स्वतःच्या नेहमीच्या पातळीवर असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि अहवालाच्या उजव्या रकान्यात फक्त पहिलीच छापलेली असते.

यापेक्षा महत्त्वाचा आकडा त्याच पानावर खाली होता. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, ८७, अगदी मधोमध. त्याच्या शेजारी आरडीडब्ल्यू, म्हणजे त्याच पेशींच्या आकारातील फरकाचे प्रमाण, १७.४ टक्के, आणि त्यापुढे छोटासा बाण. साधारणपणे हे प्रमाण साडेचौदाच्या आत असावे लागते. सरासरी उत्तम आणि विचलन वाढलेले, असा नमुना वर्गात समोर आला तर मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हाच विचारेन की येथे दोन भिन्न गट मिसळले आहेत काय. रक्ताच्या बाबतीत याचे उत्तर वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. लोह कमी पडले की पेशी लहान निपजतात. बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की मोठ्या. दोन्ही उणिवा एकाच शरीरात असल्या, तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी बिनचूक मधोमध येऊन बसते.

२१ जून २०२४

फॅमिली डॉक्टरांना वरील शंका सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, डोळ्यांच्या पापण्या व जीभ तपासली, पायाच्या घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून कंपन जाणवते का ते पाहिले आणि पुढील तपासण्या लिहून दिल्या. निकाल असे आहेत.

फेरिटिन ८ नॅनोग्रॅम. बी-१२ १४८ पिकोग्रॅम. ड जीवनसत्त्व १७ नॅनोग्रॅम. थायरॉईडसाठीचे टीएसएच २.६, साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी ५.५, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) व यकृताचे आकडे ठीक, शरीरातील दाह दाखवणारे सीआरपी कमी. गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक विकाराची चाचणी नकारात्मक.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन असून शरीरातील साठ्याचा अंदाज त्यावरून येतो. निरोगी प्रौढांत ते १५ च्या खाली गेले की लोहाची कमतरता आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानते. हिमोग्लोबिन हा रोजच्या व्यवहाराचा पैसा मानला तर फेरिटिन ही ठेव आहे. ठेव मोडून व्यवहार काही काळ सुरळीत चालू शकतो. एक सूचना येथे लिहून ठेवते: शरीरात दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून सीआरपी सोबत पाहावे लागते. माझ्या बाबतीत ती अडचण नाही.

बी-१२ ची कमतरता मला फारशी अनपेक्षित नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला होता. ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा तिन्ही गटांत मिळून ६७ टक्के पुरुषांचे बी-१२ लिटरमागे १५० पिकोमोलच्या खाली होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. १५० पिकोमोल म्हणजे आपल्याकडच्या अहवालांतील एककात सुमारे २०३ पिकोग्रॅम. ज्या समाजात पाचांपैकी चार जण रेषेखाली आहेत, त्या समाजात ‘आमच्या घरी सगळ्यांचे असेच असते’ हे वाक्य खरे असते आणि तरीही ते आश्वासक नसते.

२४ जून २०२४

उपचार ठरले. परंतु त्याआधी डॉक्टरांनी कमतरता कशाने झाली हा प्रश्न घेतला, आणि मला वाटते की नोंदींचा हा भाग सर्वांत उपयोगी आहे.

पहिले कारण पाळीतील रक्तस्राव. गेल्या दोन वर्षांत तो वाढला आहे. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते, त्यामुळे महिन्याला ८० मिलिलिटर रक्त गेले तर ४० मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते, आणि शाकाहारी जेवणातून शोषले जाणारे लोह दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवण्यास सांगितले आहे.

दुसरे कारण पॅन्टोप्राझोल. आम्लपित्तासाठी ही गोळी मी काही वर्षे रोज घेते आहे. जठरातील आम्ल कमी झाले की अन्नातील प्रथिनांपासून बी-१२ सुटे होणे मंदावते आणि वनस्पतिज लोहाचे शोषणही घटते. ती एकदम बंद केल्यास आम्ल उसळून येते, म्हणून एक दिवसाआड, मग गरजेपुरती, अशी उतरती क्रमवारी लिहून दिली आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनही दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी करते. माझा तो प्रश्न नाही, पण माझ्या मोठ्या दिरांचा आहे, त्यांना तपासणी करून घेण्यास कळवले.

तिसरे कारण आहार. त्याविषयी स्वतंत्र नोंद करीन.

उपचार: बी-१२ ची सुरुवातीची काही इंजेक्शने, कारण पायांच्या बोटांना अधूनमधून मुंग्या येतात, त्यानंतर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी. जठरातून स्रवणाऱ्या एका वाहक प्रथिनाच्या मार्गाने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच बी-१२ शोषले जाते, मात्र मोठ्या मात्रेतील सुमारे एक टक्का भाग त्या मार्गाशिवायही आतड्यातून पार होतो. एवढी मोठी गोळी देण्यामागे हे गणित आहे. लोहासाठी फेरस अॅस्कॉर्बेट, ज्यात १०० मिलिग्रॅम मूळ लोह आहे, एक दिवसाआड. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि नंतर बंद. ही पुडी ‘चांगली असते’ म्हणून वर्षभर घेत राहणारी माणसे माझ्या माहितीत आहेत. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, आणि जास्त झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो.

लोहाच्या गोळीत १.५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, म्हणजे फोलेटचे गोळीतील रूप, हेही आहे. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक अॅसिड मिळाले तर रक्त सुधारते पण मज्जातंतूंची हानी चालू राहू शकते, म्हणून बी-१२ आधी सुरू केले. फोलेटच्या शोधाचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे, ही गोष्ट मला या निमित्ताने पुन्हा आठवली. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांतील मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर काम करीत होत्या, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील उपयुक्त घटक फोलेट होता हे पुढे कळले. इतका जुना हा इतिहास आहे, आणि अजूनही आपण हिमोग्लोबिनच्या एका आकड्यावर थांबतो.

३० जून २०२४

आठवडाभर खाल्लेले सर्व काही वजन करून लिहिले. सासूबाईंना स्वयंपाकघरातील तराजू आवडला नाही, परंतु त्यांनी सहकार्य केले.

पोटात जाणारे लोह तितकेसे वाईट नाही: दिवसाला १५ ते १७ मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. खरी अडचण वेळापत्रकात दिसली. सकाळचा चहा पोह्यांबरोबर, दुपारचा चहा डबा संपताच विभागात, आणि संध्याकाळचा भडंगाबरोबर. चहातील पॉलिफेनॉल वनस्पतिज लोहाशी बांधले जातात आणि जेवणासोबत चहा घेतल्यास त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून बरेच खाली येते. मांसाहारी व्यक्तीला मांसातील हीम लोहाचा आधार असतो, कारण त्यावर चहाचा असा परिणाम फारसा होत नाही; शाकाहारी व्यक्तीला तो आधार नाही.

त्यामुळे आहारातील पहिला बदल पदार्थांचा नाही. चहा कोणत्याही जेवणापासून एक तास दूर. चहा सोडलेला नाही, आणि सोडण्याचा विचारही नाही.

दुसरा बदल: प्रत्येक मुख्य जेवणात क जीवनसत्त्वाचा एक स्रोत. उसळीवर लिंबू पिळायचे, पण गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेने ते नष्ट होते. कोशिंबीर कच्च्या टोमॅटोची. पेरू मिळू लागले की डब्यात पेरू. तिसरा: मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणूनच वापरायचे, कारण मोड येताना लोहाला अडवून धरणारे फायटेट कमी होते. चौथा: आंबट आमटी आणि भाज्या लोखंडी कढईत. आमची कढई माळ्यावर होती, ती काढून घासली. चिंच किंवा कोकम घातलेला पदार्थ शिजवून लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा लागतो, नाहीतर काळा पडतो आणि चवीला कसट लागतो.

सकाळच्या न्याहारीत प्रथिने जवळजवळ नव्हती. शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने मला रोज ४८ ग्रॅम हवीत, मिळत होती ३५ च्या आसपास. न्याहारीला मुगाचे धिरडे किंवा पोह्यांसोबत मोड आलेली मटकी आणि एक वाटी दही, असे ठरवले.

८ जुलै २०२४

लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, जे अपेक्षित आहे, आणि बद्धकोष्ठ झाले, जे त्रासदायक आहे. रात्री भिजवलेले मनुके व पाणी वाढवले. गोळी सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेते. दूध, चहा व कॅल्शियमची गोळी तिच्या जवळपास नाही.

एक दिवसाआड घेण्यामागचे कारण आज नीट वाचले. लोह पोटात गेले की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते साधारण दिवसभर आतड्यातील लोहाचा दरवाजा अर्धवट लावून ठेवते. झुरिकमध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ६० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटाने सरासरी १६.३ टक्के लोह शोषले, तर एक दिवसाआड घेणाऱ्या गटाने २१.८ टक्के. गोळ्यांची एकूण संख्या दोन्ही गटांत सारखीच होती. कमी त्रासात जास्त लाभ मिळण्याची उदाहरणे आरोग्याच्या क्षेत्रात विरळ आहेत.

१७ जुलै २०२४

आषाढी एकादशी. साबुदाण्यात लोह जवळजवळ नसते, पण राजगिरा आणि शेंगदाणे उपवासाच्या ताटाला सावरून धरतात. खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि लिंबू. चार वाजताचा आकडा नेहमीपेक्षा वाईट नव्हता.

५ ऑगस्ट २०२४

श्रावण लागला. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील प्रयोगांत कांदा व लसूण घातल्याने धान्ये व डाळींतील लोह आणि जस्त अधिक प्रमाणात उपलब्ध होते असे दिसले आहे. हे प्रयोग नळीतले आहेत, माणसांवरचे नाहीत, त्यामुळे एवढ्यासाठी सासूबाईंशी वाद घालण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. लिंबू वर्ज्य नसते.

आज पोह्यांविषयी एक उलगडा झाला. मराठी मासिकांत आणि आरोग्यविषयक पुस्तकांत पोहे लोहसमृद्ध असल्याचे वारंवार छापलेले असते. याचे मूळ राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत आहे. तेथे १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिले होते. २०१७ च्या नव्या तक्त्यांत हाच आकडा साडेचारच्या आसपास आहे. पूर्वी पोहे लोखंडी उपकरणांत कांडले जात, त्यातून किंवा मातीच्या अंशातून ते लोह आलेले असावे, असा माझा तर्क आहे. अळिवाच्या बाबतीतही जुना आकडा १०० आणि नवा त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी. अळिवाचे लाडू तरीही चांगलेच, पण बाळंतिणीला ते देऊन गोळी बंद करू नये. गूळ दहा ग्रॅम खाल्ला तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. बीट लाल असते ते त्यातील रंगद्रव्यामुळे. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नाही.

बाजरीचा आकडा मात्र नव्या तक्त्यातही टिकून आहे, १०० ग्रॅमला सहाच्या वर. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचे वाण महाराष्ट्रात पिकते, आणि अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी व शेव महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांना देऊन झालेल्या चाचणीत त्यांचा लोहाचा साठा सुधारला होता. थंडी सुरू झाली की ज्वारीच्या जोडीने बाजरी आणणार आहे. आत्ता पावसाळ्यात पीठ लवकर कडवट होते.

२६ ऑगस्ट २०२४

महाविद्यालयात माझ्या प्रकल्पाची बातमी पसरली आहे आणि सल्ले येऊ लागले आहेत. ज्यांचा विचार केला आणि बाजूला ठेवले, त्यांची कारणे लिहून ठेवते.

स्पिरुलिना: बी-१२ साठी सुचवली गेली. तिच्यात जे आढळते ते बहुतांश बी-१२ शी साम्य असलेले, पण माणसाच्या शरीरात निष्क्रिय असे संयुग असते. काही चाचण्यांत ते बी-१२ म्हणून मोजले जाते, हे अधिक घातक. इडली, आंबील किंवा मोड आलेल्या कडधान्यांतूनही बी-१२ ची भरपाई होईल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते, एरवी गोळी.

केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या: माझी एक सहकारी घेते. त्यांतील मोठ्या मात्रेमुळे थायरॉईडसह काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. थकव्याचे कारण शोधणाऱ्या माणसाची थायरॉईड चाचणीच बिघडावी, ही मोठी गैरसोय आहे. तिला तपासणीआधी काही दिवस गोळी थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारण्यास सांगितले.

अश्वगंधा: यकृताला इजा झाल्याच्या काही नोंदी प्रसिद्ध आहेत आणि थायरॉईड संप्रेरकांवर तिचा परिणाम होऊ शकतो. शिवाय आत्ता सुरू केली तर सुधारणा लोहाची की अश्वगंधेची हे कधीच कळणार नाही.

एका विद्यार्थिनीने, सिंधी कुटुंबातील, आपला अहवाल दाखवला: हिमोग्लोबिन ११, एमसीव्ही ६६, तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर. ती वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेते आणि फरक पडत नाही. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमिया मायनरचे, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या आणि मुलांत उतरू शकणाऱ्या रक्तदोषाचे, प्रमाण जास्त असते आणि त्यात नेमके असेच चित्र दिसते. फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी एचपीएलसी चाचणी करून घे, आणि तोवर आपणहून लोह घेऊ नकोस, असे सांगितले. लग्नाआधी हे कळणे तिच्यासाठी थकव्यापेक्षाही महत्त्वाचे आहे.

३० सप्टेंबर २०२४

तीन महिन्यांनंतरची तपासणी. हिमोग्लोबिन १३.०, फेरिटिन २४, ड जीवनसत्त्व ३४. थकव्याच्या प्रश्नावलीची सरासरी ३.७. चार वाजताच्या आकड्यांची सरासरीही उतरली आहे आणि जिन्यात थांबणे जवळपास संपले. पायांच्या मुंग्या गेल्या.

येथे मला स्वतःच्या विषयाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. मनुष्य आपला प्रकल्प अगदी वाईट काळात सुरू करतो, आणि वाईट काळानंतर काहीही न करता थोडी सुधारणा होतेच. संख्याशास्त्रात याला मध्याकडे परतणे म्हणतात. त्यात गोळी घेतल्याच्या समाधानाची भर पडते. हा भाग किती मोठा असू शकतो, याचा एक चांगला नमुना फ्रान्समधील चाचणीत आहे, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या १९८ थकलेल्या स्त्रियांना बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. लोहाच्या गटात थकवा ४७.७ टक्क्यांनी कमी झाला, आणि निष्क्रिय गोळीच्या गटात २८.८ टक्क्यांनी. म्हणजे लोहाचा परिणाम खरा आहे, पण दिसलेल्या सुधारणेतील अर्ध्याहून अधिक वाटा लोहाशिवायही मिळाला असता. माझी घट साधारण ३१ टक्के आहे. तिच्यातील किती माझ्या गोळ्यांची, हे एका व्यक्तीच्या नोंदीतून सांगता येत नाही.

ज्यावर समाधानाचा परिणाम होत नाही असा एक पुरावा मात्र अहवालात आहे. एमसीव्ही ८८, म्हणजे जवळपास होते तेवढेच, आरडीडब्ल्यू १७.४ वरून १५.१. सरासरी हलली नाही आणि विचलन आटले. लहान आणि मोठ्या पेशींची जागा आता नेहमीच्या आकाराच्या नव्या पेशी घेत आहेत.

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीत वेळापत्रक विस्कटले, चहा फराळाबरोबर झाला, ते चालायचेच.

उरलेल्या थकव्यासाठी मॅग्नेशियम घ्यावे असा आग्रह घरातून आहे. लोह आणि बी-१२ यांची कमतरता सिद्ध झाली होती, त्यामुळे तेथे प्रयोग करत बसणे अयोग्य ठरले असते. मॅग्नेशियमच्या बाबतीत तसा पुरावा नाही, म्हणून येथे आंधळी चाचणी करता येईल. डॉक्टरांना विचारले, मूत्रपिंडे ठीक असल्याने हरकत नाही म्हणाले.

रचना अशी. शाकाहारी रिकाम्या कॅप्सूल आणल्या आहेत. अकरावीत शिकणारी माझी मुलगी काहींत मॅग्नेशियम ग्लायसिनेट आणि काहींत तांदळाची पिठी भरणार, दर रविवारी नाणे उडवून त्या आठवड्याची पुडी ठरवणार आणि निकाल बंद लिफाफ्यात ठेवणार. मात्रा मुद्दाम लहान ठेवली आहे, कारण मॅग्नेशियमने पोट साफ होते आणि लोहामुळे माझे पोट जड असल्याने मोठ्या मात्रेत मला लगेच सुगावा लागला असता. प्रत्येक आठवड्याचे पहिले दोन दिवस हिशेबात धरायचे नाहीत. प्रत्येक शनिवारी मी माझा अंदाजही लिहिणार आहे.

२० जानेवारी २०२५

संक्रांत झाली, लिफाफे उघडले. मॅग्नेशियमच्या आणि पिठीच्या आठवड्यांतील चार वाजताच्या सरासरीत ०.१ चा फरक आला, तोही पिठीच्या बाजूने. आठवड्या-आठवड्यातील नैसर्गिक चढउतार याच्या कितीतरी पट आहे. कोणत्या आठवड्यात काय होते याचे माझे अंदाज नाणेफेकीइतकेच बरोबर निघाले. एवढ्या लहान चाचणीतून बारीक परिणाम निसटू शकतो, पण मला जाणवेल असा परिणाम नाही, एवढे माझ्यापुरते पुरे आहे. उरलेली बाटली पतीने घेतली. त्यांना तिच्याने बरे वाटते.

याच महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी झाली. गर्भाशयात एक छोटी गाठ आहे, कर्करोगाची नाही, आणि रक्तस्रावाचे कारण ती असावी. सध्या पाळीच्या जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत तो कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या आहेत. गळती तशीच ठेवून आहारातून भरपाई करण्याचा हिशेब जुळत नव्हता: फेरिटिनचा एक नॅनोग्रॅम वाढवायला साधारण आठ ते दहा मिलिग्रॅम साठलेले लोह लागते, आणि एका जोरदार पाळीत माझ्या साठ्यातील चार-पाच नॅनोग्रॅम निघून जात होते.

२४ मार्च २०२५

हिमोग्लोबिन १३.५, म्हणजे २०१६ च्या पातळीवर. फेरिटिन ४६. एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १३.६. बी-१२ चा आकडा ६०० च्या वर आला आहे, परंतु गोळी चालू असताना रक्तातील पातळीला फारसा अर्थ नसतो, म्हणून सोबत होमोसिस्टिन पाहिले, जे शरीराला बी-१२ कमी पडले की रक्तात वाढते. ते मर्यादेत आहे. प्रश्नावलीची सरासरी २.९.

चार वाजताच्या आकड्यांचा आतापर्यंतचा आलेख काढला. त्यात आता एकच नियमित उंचवटा दिसतो, पाळीच्या आठवड्यात, आणि जानेवारीनंतर तो बुटका झाला आहे. परीक्षांच्या काळातील दोन चढ आहेत, पण त्या रात्री मी पाच तासच झोपले होते, त्यांना पूरक गोळीची गरज नाही.

डॉक्टरांशी बोलून पुढील क्रम ठरला. लोहाची गोळी आठवड्यातून दोनदा, फेरिटिन ५० च्या पुढे स्थिर होईपर्यंत, त्यानंतर बंद. बी-१२ ची गोळी कायम, कारण आहार शाकाहारीच राहणार आहे. ड जीवनसत्त्वाची पुडी पुन्हा नाही. रोज १००० एकके. पॅन्टोप्राझोल डिसेंबरपासून केवळ गरजेपुरते आहे. मुलीचेही फेरिटिन आणि बी-१२ करून घेतले: फेरिटिन १९, बी-१२ १९०. तिला कोणताही त्रास नाही, तरी बी-१२ सुरू केले आहे आणि तिचा दुधाचा चहा डब्यापासून दूर सरकवला आहे, यावर ती नाराज आहे.

माझी पुढील फेरिटिन तपासणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाळी संपल्यानंतर, सर्दी-ताप नसताना आणि आदल्या दिवशीची लोहाची गोळी वगळून करावयाची आहे.